विश्लेषण : शाळेतली सोमवारची निळी गोळी आणि गर्भाचे पहिले २८ दिवस

सोमवारी दुपारची सुट्टी संपत आली, खिचडीची ताटे आणि डबे धुऊन झाले, की सिंधुदुर्गातल्या शाळांत निळ्या गोळ्यांची पाकिटे निघतात. प्रत्येकाच्या तळहातावर एक गोळी, वर घोटभर पाणी. काही गोळ्या पोटात जातात, काही खिडकीतून बाहेर. ‘ही पोरींची गोळी आहे, आम्हाला कशाला?’ हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. मुलींचा प्रश्न वेगळा असतो, पण तो मोठ्याने विचारला जात नाही. रक्तवाढीची गोळी एवढेच उत्तर देऊन विषय संपवला जातो. प्रत्यक्षात ही गोळी ज्या कारणासाठी महत्त्वाची आहे, ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दडलेले आहे आणि तो धडा अनेकदा ‘घरी वाचा’ म्हणून उरकला जातो.

निळ्या गोळीत काय असते?

केंद्र सरकारची साप्ताहिक लोह व फॉलिक ॲसिड योजना २०१३ मध्ये सुरू झाली. सहावी ते बारावीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुला-मुलींना आठवड्यातून एकदा, शक्यतो सोमवारी, ही गोळी शिक्षकांच्या समोर खायला द्यायची. शाळेत न जाणाऱ्या मुलींना ती अंगणवाडीतून मिळते. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. प्राथमिक शाळेतल्या मुलांची गोळी गुलाबी, गरोदर स्त्रियांची लाल. रंग वेगळे ठेवले ते गल्लत होऊ नये म्हणून. जोडीला वर्षातून दोनदा जंताची गोळी.

मुलांना का, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींच्या आणि ३१.१ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. म्हणजे दहा मुलांमागे तिघे. या वयात उंची, स्नायू आणि रक्ताचे एकूण प्रमाण झपाट्याने वाढते, त्यामुळे मुलांनाही लोह कमी पडते. मुलींच्या बाबतीत दरमहा वेगळा खर्च असतो. पाळीत साधारण ४० मिलिलीटर रक्त गेले असे धरले, तर त्याबरोबर सुमारे १६ मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. गोळीतले ६० मिलिग्रॅम ऐकायला भरपूर वाटतात. पण आतडे त्यातला थोडाच वाटा उचलते. दहावा हिस्सा धरला तर आठवड्याला सहा, महिन्याला चोवीस मिलिग्रॅम. जमाखर्च जेमतेम जुळतो. खिडकीबाहेर गेलेल्या गोळ्या वजा केल्या की तोही जुळत नाही.

लोहाचे झाले. फॉलिक ॲसिड कशाला?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत सापडले. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये गरोदर स्त्रियांच्या मृत्यूंच्या चौकशीसाठी मुंबईत आल्या. कापड गिरण्यांच्या वस्तीतल्या गरोदर बायकांत त्यांना एक विचित्र पंडुरोग दिसला. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह देऊन उपयोग होत नव्हता. हे दुखणे गरीब घरांत अधिक होते. ज्यांच्या ताटात भाजी आणि फळे नावालाच, त्यांच्यात सर्वांत जास्त. आधी संसर्गाचा संशय घेतला गेला, तो टिकला नाही. मग विल्स यांनी माकडांना त्याच प्रकारचे निकस अन्न देऊन पाहिले. माकडे आजारी पडली. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर ती सुधारली. तोच अर्क बायकांना दिला आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. अर्कात काय आहे हे कळलेले नव्हते, म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा केला गेला आणि पान या अर्थाच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले, फॉलिक ॲसिड.

त्या काळी मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीची माणसे गिरण्यांत कामाला जात आणि गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्याचे लोक मोठ्या संख्येने होते. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. चाकरमान्यांच्या मुंबईत लागलेला शोध गोळी होऊन त्यांच्या नातवंडांच्या, पतवंडांच्या शाळेत पोहोचला असे म्हणायला हरकत नाही.

तांबड्या पेशी मोठ्या का होत होत्या? पेशीचे दोन भाग होण्याआधी तिला आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते आणि त्या कामाला फॉलिक ॲसिड लागते. ते नसेल तर पेशी वाढत राहते, पण विभागली जात नाही. शरीरात जिथे पेशी सर्वांत वेगाने विभागल्या जातात तिथे ही टंचाई आधी जाणवते. रक्त तयार करणारी अस्थिमज्जा ही अशी एक जागा. दुसरी जागा म्हणजे आईच्या पोटात नुकताच रुजलेला गर्भ.

मुलीच्या शरीरात बीजांडे कधी तयार होतात?

वयात आल्यावर, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुस्थिती अशी, की मुलगी स्वतः आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयांत बीजांडांचा साठा तयार होतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, जन्माच्या वेळी सुमारे १० ते २० लाखांवर येतो आणि पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात त्यांतली साधारण ४०० बीजांडे परिपक्व होऊन बाहेर पडतात. याचा एक अर्थ गमतीदार आहे. आज दहावीत बसलेला मुलगा किंवा मुलगी ज्या बीजांडातून घडली, ते बीजांड आजी गरोदर असताना, आजीच्या पोटातल्या आईच्या शरीरात तयार झाले होते.

वयात येताना मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी संप्रेरके सोडू लागते. त्यांच्या सांगण्यावरून अंडाशयात दर महिन्याला एक बीजांड पिकते. त्याच वेळी गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होते, त्यात रक्तवाहिन्या वाढतात. बीजांड बाहेर पडल्यानंतर गर्भधारणा झाली नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी हे अस्तर सुटून रक्ताबरोबर बाहेर येते. हीच पाळी. ‘वाईट रक्त’ बाहेर पडते म्हणणे चुकीचे आहे. गर्भासाठी तयार केलेले अंथरूण, पाहुणा न आल्याने गुंडाळले जाते इतकेच. ‘कावळा शिवला’ म्हणून मुलीला बाजूला बसवणाऱ्या घरांत तिच्या लोणचे-पापडाला हात लावण्यावर बारीक लक्ष असते. तिच्या शरीरातून दरमहा जाणाऱ्या लोहाचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असू शकते. या वयात २१ ते ४५ दिवसांचे अंतर आणि दोन ते सात दिवस रक्तस्राव यात काळजीचे काही नाही. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, आठवडा उलटूनही रक्त थांबत नसेल किंवा पंधरा-सोळा वर्षे झाली तरी पाळी आलीच नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

मुलांच्या शरीरात काय होते?

इथे साठा नसतो, कारखाना असतो. वयात आल्यावर वृषणांत शुक्राणू तयार होऊ लागतात आणि हे काम म्हातारपणापर्यंत चालते. एक शुक्राणू घडायला साधारण ७० दिवस लागतात; एका वेळी बाहेर पडणाऱ्या वीर्यात ते कोट्यवधी असतात. शरीराच्या नेहमीच्या तापमानात हे काम नीट होत नाही, म्हणून वृषणे शरीराबाहेरच्या पिशवीत, दोन-तीन अंशांनी थंड अशा जागी असतात. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे आवाज फुटतो, मिशा फुटतात, खांदे रुंदावतात.

झोपेत वीर्य बाहेर पडणे हा याच वाढीचा भाग आहे. मराठीत त्याला ‘स्वप्नदोष’ म्हणतात आणि त्या शब्दानेच निम्मे नुकसान केले आहे, कारण यात दोष काहीच नाही. रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंतींवर रंगवलेल्या ‘धातू जाणे’च्या जाहिराती या भीतीवरच चालतात. वीर्य गेल्याने शक्ती जात नाही, रक्त कमी होत नाही, पुढे मूल होण्यात अडथळा येत नाही. ज्याची खरोखर भीती बाळगावी ती गोष्ट वेगळीच आहे. वृषणात एकाएकी तीव्र वेदना सुरू झाल्या, सूज आली, उलटी झाली, तर वृषणाला रक्त नेणारी नळी पिळली गेलेली असू शकते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचते. लाजेपोटी सकाळपर्यंत दुखणे लपवले, तर ते काढावे लागण्याची शक्यता वाढते. मालवणहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय तासाभराच्या अंतरावर आहे. वाया जातो तो वेळ आईवडिलांना सांगण्याआधीचा.

पहिल्या २८ दिवसांत काय घडते?

अंडाशयातून सुटलेले बीजांड अंडनलिकेत येते. ते जेमतेम १२ ते २४ तास टिकते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. लाखो शुक्राणूंतून एक बीजांडात शिरतो, लगेच बीजांडाचे कवच इतरांसाठी बंद होते आणि दोघांची २३-२३ गुणसूत्रे एकत्र येऊन ४६ गुणसूत्रांची एक पेशी तयार होते. फलन होते ते गर्भाशयात नव्हे, अंडनलिकेत. शरीराबाहेर काचपात्रात हेच घडवून आणले की त्याला आयव्हीएफ म्हणतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशा पद्धतीने बाळ जन्मले. केईएमही परळचेच, हाफकिनपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आता दिवस मोजू. सुमारे ३० तासांनी एका पेशीच्या दोन होतात. मग चार, आठ, सोळा. पाचव्या दिवशी पोकळ चेंडूसारखा गोळा तयार होतो, त्याच सुमारास तो गर्भाशयात पोहोचतो आणि सहाव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान अस्तरात रुजतो. आईला अजून काहीही कळलेले नाही. चौदाव्या दिवशी पाळी यायला हवी होती, ती येत नाही. तिसऱ्या आठवड्यात पेशींचे तीन थर होतात. एकातून त्वचा आणि मज्जासंस्था, दुसऱ्यातून हाडे, स्नायू, हृदय, तिसऱ्यातून आतडी आणि फुप्फुसांची आतली बाजू. बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदयाची नळी आकुंचन पावू लागते.

याच आठवड्यात पाठीच्या बाजूने एक सपाट पट्टी दुमडत जाते आणि तिची नळी होते. ही नळी पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणार असते. बॅगेची चेन मधोमध लागून दोन्ही टोकांकडे बंद होत जावी, तशी ती मानेच्या जागेपासून वर आणि खाली मिटत जाते. डोक्याकडचे टोक साधारण पंचविसाव्या दिवशी बंद होते, पाठीच्या शेवटाकडचे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. हे सगळे अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या गर्भात. पेशी विभाजनाचा वेग इथे प्रचंड असतो आणि फॉलिक ॲसिड कमी असेल तर चेन अर्धवट राहण्याचा धोका वाढतो. खालचे टोक उघडे राहिले तर मुलाच्या पाठीच्या मणक्यांत फट राहते, पायांतले बळ आणि लघवीवरचे नियंत्रण जाऊ शकते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदूच नीट घडत नाही आणि ते बाळ जगत नाही.

१९९१ मध्ये सात देशांतल्या ३३ केंद्रांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने छापले. आधीच्या बाळात हा दोष आढळलेल्या स्त्रियांना पुढच्या गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. शब्द महत्त्वाचा आहे तो ‘आधीपासून’. पाळी चुकल्यानंतर चेन बंद व्हायला फक्त दोन आठवडे उरलेले असतात. पाळी अनियमित असलेली, किंवा दुसरी पाळी चुकेपर्यंत वाट पाहून मग सासूबाईंना सांगणारी स्त्री डॉक्टरकडे पोहोचते तेव्हा ते काम संपलेले असते, झाले तसे झालेले असते. त्यानंतर दिलेली गोळी आईच्या रक्तासाठी उपयोगी, पण मागे जाऊन चेन लावू शकत नाही.

म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीने गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे असे सांगितले जाते. शाळेतली आठवड्याची गोळी याला पर्याय नाही. ती मुख्यतः पंडुरोगासाठी आहे. पण रोजची गोळी कधी आणि कशासाठी सुरू करायची हे कळण्याची वेळ शाळेतच असते. त्यानंतर हा धडा कुणी शिकवत नाही.

मग डॉक्टर सहावा आठवडा का म्हणतात?

फलनाचा दिवस नेमका कुणालाच ठाऊक नसतो, पाळीचा असतो. त्यामुळे दवाखान्यात गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे कागदावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ अस्तित्वातच नसतो, आणि गर्भाचा अठ्ठाविसावा दिवस कागदावर सहावा आठवडा पूर्ण झाल्याचा असतो. पूर्ण गरोदरपण ४० आठवड्यांचे, २८० दिवसांचे. अंदाजे तारीख काढायची रीत सोपी आहे : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. १० जूनला पाळी आली असेल तर १७ मार्च. घरातली म्हातारी माणसे ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात. दोनच दिवसांचा फरक, आणि तारखेच्या दिवशीच जन्मणारी बाळे तशी थोडीच असतात.

कासवाचे अंडे मोठे, माणसाचे एवढेसे का?

वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला किंवा देवगड तालुक्यातल्या तांबळडेगला कासवांची घरटी पाहिलेल्या मुलांना हा प्रश्न पडायला हवा. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी एका वेळी शंभराहून अधिक अंडी वाळूत पुरून समुद्रात निघून जाते, परत पाहायला येत नाही. पिल्लू बाहेर पडेपर्यंतचे दीड-दोन महिन्यांचे सगळे अन्न अंड्यातल्या बलकात भरलेले असते, म्हणून अंडे टेबल टेनिसच्या चेंडूएवढे. माणसाचे बीजांड ०.१ मिलिमीटरचे, किनाऱ्यावरच्या बारीक रेतीच्या कणाएवढे. त्यातली शिदोरी आठवडाभर पुरेल इतकीच. त्यानंतर गर्भाला आईकडून घ्यावे लागते आणि ते घेण्यासाठी गर्भ स्वतःच एक अवयव उभा करतो.

पुस्तकात त्याला ‘अपरा’ म्हणतात, घरात ‘वार’. नऊ महिन्यांनंतर ती सुमारे अर्धा किलो वजनाची होते. आईचे आणि बाळाचे रक्त तिथे शेजारून वाहते, पण मिसळत नाही. प्राणवायू, साखर, लोह, फॉलिक ॲसिड नाळेतून बाळाकडे जातात; कचरा उलटा येतो. वार बरेच काही अडवते, पण सगळे नाही. दारू आणि निकोटीन आरपार जातात. ‘दात घासायला’ म्हणून हिरड्यांना लावली जाणारी मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तंबाखू, मिश्री वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

आठवा आठवडा संपेपर्यंत गर्भ सुमारे तीन सेंटिमीटरचा होतो आणि बहुतेक सगळे अवयव जागेवर आलेले असतात. पुढचे सात महिने मुख्यतः वाढीचे.

मुलगा की मुलगी, कोण ठरवते?

कासवाच्या बाबतीत वाळू. घरटे जास्त तापले तर पिल्लांत माद्या अधिक निघतात, थंड राहिले तर नर. माणसात बापाचा शुक्राणू. आईच्या प्रत्येक बीजांडात एक्स गुणसूत्रच असते. शुक्राणूत एक्स असेल तर मुलगी, वाय असेल तर मुलगा, आणि हे फलनाच्या क्षणीच ठरून जाते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांची तक्रार चुकीच्या पत्त्यावर जाते. मुलाच्याही हातात निवड नसते.

सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेनुसार हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आहेत आणि हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. तो जन्मांविषयी मात्र फारसे काही सांगत नाही. कामधंद्यासाठी पुरुष मुंबईला गेले की गावात स्त्रियांची संख्या जास्त दिसणारच. सहा वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण हजाराच्या खालीच आहे. गर्भलिंगनिदानावर राज्यात बंदी आणणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा.

हा धडा वर्गात का अडतो?

राज्य मंडळाच्या २०१८ च्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ या पुस्तकात तिसरा धडा ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’ हा आहे. पुरुष आणि स्त्री प्रजनन संस्था, ऋतुचक्र, जुळी, आयव्हीएफ सगळे त्यात आहे, त्यावर परीक्षेत प्रश्न येतात. अडचण पुस्तकाची नाही, फळ्यापाशी उभे राहण्याची आहे. २००७ मध्ये केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावर वाद झाला तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो राबवायला नकार दिला.

ही तक्रार जुनीच. मुरुडच्या कर्वे कुटुंबातले रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२१ मध्ये, लंडनला मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले त्याच वर्षी, कर्वे यांनी मुंबईत सल्ला केंद्र काढले. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यात वाचक आज मुले भिंतींवरच्या जाहिरातींत ज्याची उत्तरे शोधतात तसलेच प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, दंड झाला, मासिक चालू राहिले.

वय आणि कायदा काय सांगतो?

पाळी आली म्हणजे शरीर गरोदरपणाला तयार झाले असे नाही. सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत मुलीची स्वतःची हाडे आणि कटी वाढत असते. लोह आणि कॅल्शियम दोघांना पुरत नाही, रक्तदाब वाढण्याचा आणि बाळ अपुऱ्या वजनाचे होण्याचा धोका जास्त असतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची शरीरसंबंधाला दिलेली संमती ग्राह्य धरली जात नाही, मग ती प्रेमात दिलेली असो.

तरीही एखादी मुलगी अडचणीत आलीच, तर लपवत वेळ काढणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदेशीर गर्भपात एका डॉक्टरच्या मताने २० आठवड्यांपर्यंत आणि अल्पवयीन मुलींसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत करता येतो; पालकाची लेखी संमती लागते. पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी विनंतीवरून मुलीचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. एरवीच्या शंकांसाठी, मुलांच्याही, सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ आहेत. तिथे बोललेले गुप्त ठेवले जाते. संकटात १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

गोळी कशी घ्यायची?

उपाशीपोटी नाही, जेवणानंतर. सुरुवातीला मळमळते, शौच काळसर होते. दोन्ही गोष्टी अपेक्षित आहेत आणि गोळी बंद करण्याचे कारण नाहीत. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा टाळावा, चहामुळे लोह कमी शोषले जाते. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर उलट फायदा. शेवग्याचा पाला, लाल माठ, पावसाळ्यातला टाकळा, कुळथाची पिठी यांतून फॉलिक ॲसिड आणि लोह मिळते, तिसऱ्यांतून लोह. पालेभाजी फार वेळ शिजवून पाणी ओतून दिले तर फॉलिक ॲसिड त्या पाण्याबरोबर जाते. सोमवारी शाळा बुडाली तर पुढचा सोमवार येण्याची वाट पाहू नये. ज्या दिवशी शाळेत याल त्या दिवशी बाईंकडे मागून घ्यावी.